प्रती किती

गांधीबागेतल्या पहिल्या मजल्यावर, शाईच्या वासात
बारापात्रे विचारतात, "प्रती किती काढून राहिले, निखारे साहेब?"
मी खिडकीतल्या कूलरकडे बघतो.
ताटी एका बाजूनं कोरडी.
भिंतीवरचं मीटर सवयीनं वाचून झालंय माझं:
शून्य सात चार एक नऊ.

एकतीस वर्षं हुद्दा हाच होता, मीटर वाचक.
सेवापुस्तकात शिक्क्यासकट लिहिलंय: वाचक.
टिमकी, हंसापुरी, लालगंज,
कोणाच्याही स्टुलावर चढून, टॉर्च दातात धरून.
आकडे कंपनीचे. बाकीचं मी
रजिस्टरच्या मागच्या पानांवर उतरवत गेलो पेन्सिलीनं,
पुढचं दार येऊन ते विसरायच्या आत.

"टिमकी, चौथी गल्ली. मागाचा खड्डा बुजवला.
त्यावर आता फ्रिज."
"लालगंज. बाई म्हणाली, आकडा हळू सांगा, सासरे झोपले आहेत.
सासऱ्यांच्या फोटोला हार होता."
"हंसापुरी. मीटरवर चिमणीचं घरटं. झाकण उघडलं नाही.
अंदाजे लिहिले, एकशे चाळीस युनिट."
त्या चिमणीपायी मला मेमो मिळाला.
तो पान अडतीसवर छापायचा आहे.

अशी नऊ रजिस्टरं.
शकूनं दोनदा रद्दीत घातली,
दोन्ही वेळा कबाडीवाल्याला हाक मारून तिनंच परत घेतली.
तिच्या भाच्यानं टाईप करून दिलं फोनवर;
फोननं 'मीटर'चं जागोजागी 'मित्र' केलं.
बहुतेक दुरुस्त केले.
चौदा राहू दिलेत.

"सत्तर जीएसएम, मॅपलिथो. कव्हरले लॅमिनेशन.
शंभराचे तेवीस हजार, तीनशेचे एकेचाळीस.
तीनशेच काढा, परवडते."
"आणि उरल्या तर?"
"उरतेच नं," म्हणत ते माळ्याकडे बोट दाखवतात.
सुतळीनं बांधलेले गठ्ठे. कोणा प्राध्यापकाचं महाकाव्य,
एका ठेकेदाराचं आत्मचरित्र,
त्याची पहिली आवृत्ती वाळवीनं संपवत आणलेली.

काल रात्री शकू म्हणाली,
"कूलर घ्याचा का पुस्तक, ते एकदाचं ठरवा.
मे महिना काही तुमच्यासाठी थांबून नाही राहणार."
मग बराच वेळ भांडी.
मग तिकडूनच, "माझं नाव तरी टाकलं का त्याच्यात?"

टाकलंय.
अर्पणपत्रिकेत नाही, आत.
त्या वर्षी बीट बदलून आपलीच गल्ली माझ्याकडे आली,
मी स्वतःच्या दारावर टकटक करून ओरडलो, मीटर!
आणि तू न बघता आतून पाणी आणलंस,
गुळाचा खडा ठेवून, परक्या माणसाला देतात तसं.
ते पान कितव्यांदा लिहिलं, मोजलं नाही.

आता मीटर आपला आकडा आपणच पाठवतं.
स्टूल कोणी मागत नाही.
बंद घरांपुढे आम्ही लिहायचो 'दा. बं.',
आणि बिल लागायचं सरासरीनं.
पुस्तक कोणी उघडलंच नाही तर
त्याच्यापुढे काय लिहितात?
किती दारं उघडली होती, मोजून पाहिली काल.
आडनावं आठवली, काही नुसते जिने आठवले,
एका घराचा फक्त कुत्रा.

"बोला साहेब."
"एकशे चाळीस."
"असा आकडा नसते. शंभर, नाही तर दीडशे."
"एकशे चाळीस. अंदाजे."
बारापात्रे पेन टोपणात घालतात.
"वहिनीले विचारून या. उद्या सांगा."

जिन्याखाली तेरा मीटर, ओळीनं, जाळं धरलेली.
एकाचं झाकण लोंबतंय.
रस्त्यावर ऊन, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या उतरवणारा हमाल.
झाकण दाबून बसवतो.
बसत नाही.
खिशातल्या अंदाजपत्रकाची घडी घालून
फटीत सारतो.
मग काढून घेतो परत.